गाठ मजामां

आमचा कुत्रा रक्तवाहिन्यांच्या कॅन्सरने गेला. त्याची गाठ आम्ही संशोधनाला दिली होती. तिथल्या प्रयोगशाळेत तिचे तुकडे उंदरांत घालून ती वाढवत होते. त्या उंदरांना सांभाळणारा माणूस मला बडोद्याच्या अकोटा भागातल्या टपरीवर भेटायचा. चहाआधी तो स्वतःचे हात हुंगून बघायचा.

इथे ‘मजामां?’, म्हणजे ‘मजेत ना?’, विचारलं, की मरायला टेकलेला माणूसही ‘मजामां’ म्हणतो. हा मात्र खरं सांगायचा.

“गाठ मजामां. उंदीर नाही.”

कुत्र्याचं काहीतरी अजून वाढतंय, म्हणून मला उगाच बरं वाटायचं.

परवाही मी सवयीने विचारलं. बशी खाली ठेवून तो म्हणाला, “उंदरांत रोगाशी लढणाऱ्या पेशी सोडल्या, साहेब. गाठ आटली. उंदीर मजामां.”

घरी बायकोने विचारलं, “चेहरा का असा?”

“आपला कुत्रा गेला,” मी म्हणालो.