बाळासोचा बेलभंडारा

आमच्या मंगळवार पेठेत निवडणूक लागली, की बाळासो चौगुले कामातून गेलाच म्हणून समजा. एरवी तो पिठाच्या गिरणीवर दळण करणारा माणूस. भुवयांवर कायम पीठ. पण आघाडीनं आण्णांचं नाव जाहीर केलं, की गिरणी भावावर टाकून हा घरोघर फिरायला मोकळा. आघाडीनं त्याला चहापलीकडं काही दिलं नाही आणि त्यानंही कधी मागितलं नाही. त्याला फक्त आण्णा निवडून आलेले बघायचे असायचे.

त्याचं हत्यार म्हणजे एक पितळी ताट. त्यात बेलाची पानं आणि मूठभर भंडारा, देवाची हळद. ते ताट दोन्ही हातांनी उचलून माणूस 'मत आण्णांनाच' असं एकदा बोलला, की शब्द फिरवायची सोय नाही. भाषणं आण्णांची, पण मतं बाळासोच्या ताटातली, असं आम्ही म्हणायचो. आमच्या गल्लीत बेलभंडारा न उचललेलं घर शोधावं लागलं असतं. माझ्या रिक्षावर आघाडीचा भोंगा होता, त्यामुळं हे सगळं मी शेजारी उभा राहून बघितलेलं आहे.

पंचाण्णव सालची महापालिकेची निवडणूक. गल्लीच्या तोंडाला बसव्वा राहायची. लिंगायत घर, मुलगा रुद्रय्या किराणा दुकान चालवायचा. म्हातारी थकलेली, पण बाळासोवर जीव. तिनं हसत ताट उचललं. "येईन की. आण्णांच्या कपबशीवरच शिक्का मारीन."

"मी सोता रिक्षा घिऊन येतो, अव्वा," बाळासो म्हणाला. "तुमी फकस्त नवं लुगडं नेसून उंबऱ्याजवळ बसून ऱ्हावा."

आठवड्यानं तिनं निरोप धाडला. गेलो, तर ती अंथरुणाला खिळलेली. तिनं बाळासोची बाही धरली.

"शपथ परत घे बाबा. मला बोलावणं आलंया. अंगावर शपथ घिऊन जायाचं न्हाय मला. सुटली म्हण."

खेळताना पोरं एकमेकांना म्हणतात, तसं. शपथ घालणाऱ्यानं 'सुटली' म्हटलं, की सुटते. एका शब्दाचं काम होतं. पण दारात शेजारणी उभ्या होत्या आणि प्रत्येकीनं तेच ताट उचललेलं होतं. एकीची सोडवली, की दुसरी मागणार. बाळासोनं हसण्यावारी नेलं. "मत द्या, अव्वा, आपोआप सुटंल की!" आणि बाही सोडवून घेतली. मला त्याचा तेव्हा फार राग आला होता. अजून येतो.

मतदानाच्या दिवशी उजाडताच आम्ही तिच्या दारात रिक्षा लावली. दार उघडं होतं. उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून, बसव्वा बसलेली. नवं इरकली लुगडं, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचा हार.

"वा अव्वा! माज्या आदी तयार!" बाळासोनं पुढं होऊन तिचा हात धरला. "चला."

लिंगायत लोक आपल्या माणसाला बसवून निरोप देतात, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. बाळासो तर अशा कितीतरी अंत्ययात्रांना गेलेला. पण तिला बसून राहायला त्यानंच सांगितलं होतं आणि ती बसली होती. हात त्याच्या हातात तसाच राहिला, गार. डोळे उघडे, रस्त्यावर लागलेले.

आतून रुद्रय्या आला. "पहाटं गेली रं. डोळं मिटवतोय, पुन्ना उघडत्यात. बाळासो आला का, एवढंच इचारत हुती. आता तरी सुटली म्हण."

बाळासोनं वळून बघितलं. मागं बायका जमल्या होत्या. "सांजच्याला," तो पुटपुटला. "मतदान झाल्याव म्हणतो." आणि चक्क पळाला.

दुपारी तिची यात्रा शाळेवरून चालली होती. तिथंच आमचं मतदान केंद्र. फुलांनी सजवलेल्या खुर्चीत, ज्याला ते विमान म्हणतात, बसव्वा बसलेली. खांद्याला तालमीतले चार गडी. फाटकासमोर आले आणि थांबले. भजन थांबलं. पुढच्या पैलवानाच्या मानेच्या शिरा फुगल्या. "सरकंना," तो म्हणाला. "वज्जं वाढतंया." त्याचे गुडघे वाकू लागले. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला, कारण गल्लीतून निघताना म्हातारीचं तोंड सरळ रस्त्याकडं होतं आणि आता ते शाळेकडं होतं. हिसक्यानं मान वळली असेल, असं मी स्वतःला सांगतो.

बाळासो फाटकाजवळच्या आघाडीच्या टेबलापासून उठला. आण्णांनी त्याचा दंड धरला. "गप बस. रांग ऐकतीया."

तो दंड सोडवून गेला. खांदेकऱ्यांनी वाकून विमान खाली आणलं, तसं त्यानं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू म्हणाला, "सुटली, अव्वा."

विमान हललं नाही.

तेवढ्यात बाईचा आवाज आला. "आन् ह्यांची रं?"

रांगेत पुढंच शालूबाई उभी होती, बसव्वाची शेजारीण. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. मग बाळासोकडं. त्यानं आण्णांकडं एकदा बघितलं, कसं ते मला सांगता येणार नाही, आणि रांगेकडं वळून भोंग्याला लाजवेल अशा आवाजात ओरडला, "सुटली! सगळ्यांची सुटली! ज्याला वाटंल त्याला द्या जावा!"

चारही गडी एकदम पुढं धडपडले, खांद्यावर काही नसल्यागत. बसव्वाचे डोळे मिटले होते. कुणी मिटले, ते कुणी बघितलं नाही.

आण्णा पडले. आघाडीनं बाळासोला पुन्हा कधी बोलावलं नाही. दोन हजार साली नाही, पाच सालीही नाही. ताट त्यानं पंचगंगेत सोडलं आणि गिरणीवर परत गेला. मी दळण घेऊन जातो, तेव्हा तो त्या दिवसाबद्दल बोलत नाही.

एकदा शालूबाई रिक्षात बसली होती. मी म्हटलं, "त्या दिवशी तुमी बोलला म्हणून सगळ्यांची सुटली बगा."

"मी?" ती म्हणाली. "मी न्हाय बाबा. मला वाटलं, मागची कुनीतरी बोलली."

मी तसाच रिक्षा घेऊन गिरणीवर गेलो आणि बाळासोला सांगितलं. त्यानं गिरणी बंद केली नाही. पट्ट्याच्या आवाजात मला ऐकू यावं म्हणून जवळ आला.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "माजा कान तिच्या तोंडापाशीच हुता की."