काकांचा कान

मला शिट्टी ऐकू आली होती. अगदी बारीक, पण स्पष्ट. काकांनी विचारलं तेव्हा मी "नाही" म्हणालो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत, पार्किंगच्या शेवटच्या खांबाशी, ताडपत्रीखाली शेजारच्या काकांची एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार असायची. दोन दरवाजे, दोन माणसं, वर छत नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा गृहस्थ असेल, ज्याची गाडी रस्त्यापेक्षा जॅकवर जास्त दिसते. आमच्या काकांना मात्र असं बोललेलं खपायचं नाही. "जी जॅकवर चढत नाही, ती घाट काय चढणार?" एवढं म्हणून ते पुन्हा गाडीखाली जायचे.

काका सरकारच्या जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. कॅम्पातल्या एका बंगल्याची मोजणी करताना ही गाडी त्यांना मागच्या आवारात, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकलेली सापडली. मालकीणबाई म्हणाल्या, घेऊन जा, तेवढीच कोंबड्यांना जागा होईल. मोजणी पुरी होऊन कागदांवर सह्या झाल्यानंतरच गाडी हलवली, हे काका न विचारता सांगत.

गॅरेजवाल्याचा हात त्यांनी गाडीला कधी लागू दिला नाही. काढलेला प्रत्येक नट इडलीपात्राच्या एकेका वाटीत, काढला त्याच क्रमानं. त्यामुळे काकूंच्या घरी इडली होत नसे. पाहुण्यांना काकू सांगायच्या, "आमच्याकडे इडलीपात्राला तेल लावतात, पण ते इंजिनाचं." गास्केट, म्हणजे दोन भागांच्या जोडात बसवायचं जाड कागदाचं अस्तर, काका स्वतः कापत, काकूंच्या शिवणाच्या कात्रीनं. काम संपलं की जुन्या लुगड्याच्या फडक्यानं एकेक बोट वेगळं पुसायचे आणि पंजा पसरून डोळ्यांसमोर धरायचे. बोटं स्थिर असत. "कान गेला तर गेला," म्हणायचे, "हात आहे."

कान खरंच गेला होता, पण चमत्कारिक रीतीनं. कुकरची शिट्टी ऐकू यायची, जिन्यातली भांडणं तर फारच छान ऐकू यायची. बारीक आवाज तेवढे गेले होते. आणि गाडीला नेमके तेच हवे होते. त्या इंजिनाला दोन कार्ब्युरेटर, पुढचा आणि मागचा. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, आणि जोडातल्या फटीतून चोरटी हवा आत जाता कामा नये. ती गेली की पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन आतून भाजतं. फट पडल्याची खूण एकच, बारीक शिट्टी.

मी तेव्हा यवतमाळहून येऊन नुकताच सॉफ्टवेअरमध्ये लागलो होतो. जिन्यात काकांनी मला अडवलं आणि विचारलं, "तुम्हाला डास ऐकू येतात?" मी येतात म्हणालो. "मग रविवारी खाली या." आमची ओळख ती अशी झाली.

हातभर लांबीची रबरी नळी होती. तिचं एक टोक माझ्या कानाला, दुसरं मी जोडांवरून फिरवायचं. पहिल्याच दिवशी मी जरा विचारपूर्वक म्हणालो, मला वाटतं मागचा थोडा जास्त ओढतोय. काका स्क्रूवरचा हात काढून माझ्याकडे बघत राहिले.

"अहो सॉफ्टवेअर, वाटायचं ते देवळात. इथे ऐका आणि सांगा. मत नको."

पुढे काही वर्षं दर रविवारी मी ऐकत होतो आणि सांगत होतो. मी "जास्त" म्हणायचो, काका स्क्रू केसभर फिरवायचे, मी "सारखा" म्हणायचो. ऑफिसात दिवसभर माझं मतच मागितलं जायचं. इथे ते कोणाला नको होतं. मला त्याचं बरं वाटायचं.

खंडेनवमीला काका पान्यांची पूजा करत. गाडीला मात्र झेंडूची माळ नाही, कारण पाकळ्या रेडिएटरमध्ये जातात. दसऱ्याला ते सीमोल्लंघन करत, आणि तेही खरोखरचं. बाकी सोसायटी आपट्याची पानं वाटायची. काका काकूंना शेजारी बसवून महापालिकेची हद्द ओलांडून यायचे. हद्द म्हणजे नकाशावरची, खात्यातल्या माणसाची. पूर्वी वारज्यापर्यंत गेलं की काम भागत असे. मग वारजं शहरात आलं. आणखी गावं आली. इमारती पुढे सरकत गेल्या आणि काकांचं सीमोल्लंघन लांबत गेलं. "माझं पेट्रोल महापालिका वाढवते," असं ते म्हणत. शेवटी एका वर्षी त्यांनी ठरवलं की यंदा कात्रजचा घाट चढून थेट पलीकडे जायचं, म्हणजे पुढची काही वर्षं तरी महापालिका गाठणार नाही.

त्याच दसऱ्याला मी माझी पहिली गाडी आणायला जाणार होतो. नव्या गाड्यांचे ते दिवस. ऑफिसात ज्याच्या त्याच्या तोंडी मॉडेल आणि रंग. बायको मुलीला नवा फ्रॉक घालून, हातात नारळ आणि पेढे घेऊन फाटकाशी उभी होती. शोरूमच्या माणसानं मुहूर्ताची वेळ दिली होती. आणि काकांनी पार्किंगमधून हाक मारली.

इंजिन चालू होतं. मी नळी लावली. पुढचा ठीक होता. मागच्या जोडापाशी आलो आणि शिट्टी ऐकू आली.

तिचा अर्थ मला आता ठाऊक होता. कार्ब्युरेटर उतरवायचा, नवं गास्केट कापायचं, पुन्हा जोडायचं, पुन्हा ऐकायचं. सगळं होईपर्यंत कान तिथेच हवा. फाटकाशी बायकोनं घड्याळ बघितलं.

"मागे?" काकांनी विचारलं.

"काही नाही."

"नक्की?"

याआधी त्यांनी मला कधी "नक्की?" विचारलं नव्हतं. मी "नक्की" म्हणालो आणि नळी इडलीपात्राशेजारी ठेवून निघालो.

दुपारी मी हार घातलेली नवी गाडी घेऊन आलो तेव्हा शेवटच्या खांबाशी नुसती ताडपत्री घडी करून ठेवलेली होती. संध्याकाळी एक टेम्पो आला. मागे दोरानं बांधलेली काकांची गाडी, तिचं स्टिअरिंग धरून बसलेले काका. काकू टेम्पोवाल्याशेजारी, रेडिएटरच्या पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. काका उतरले आणि "भाजलं" एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी इंजिनाचं डोकं उतरवलं आणि मला बोलावलं. मागच्या बाजूच्या एका व्हॉल्व्हची कड उंदरानं पापड कुरतडावा तशी झाली होती. गास्केटवर, फट होती तिथे, काळी रेघ. काकांनी ती मला नखानं दाखवली. ते रागावलेले नव्हते. जमिनीच्या तंट्यात दोन्ही पक्षांना समजावून सांगावं तसं बोलत होते.

"तुम्ही ऐकलंत तेव्हा फट नव्हती. तुम्ही गेल्यावर मी नट पुन्हा एकदा आवळले. तेव्हा माझ्याकडून एक वाकडा बसला. दुसरं काही असू शकत नाही."

तर्कात चूक नव्हती. पहिलं मापच खोटं घेतलं असेल तर पुढचा नकाशा कितीही सुबक काढा. पण माप घेणाऱ्यावर शंका घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी फडक्यानं बोटं पुसली, पंजा समोर धरला आणि बराच वेळ बघितला. मग खिशात घातला.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "होतं असं, काका."

त्यानंतर काही दिवसांनी काकूंनी मला जिन्यात गाठलं. वर दाराकडे एकदा बघून हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही दर रविवारी बरोबर असता, म्हणून विचारते. ह्यांचा हात चुकायला लागलाय का? घाटात धूर आला ना, तेव्हा मागे ट्रक होता हो. ह्यांना विचारलं तर बोलत नाहीत."

माझ्याकडे खरं उत्तर तयार होतं. मी म्हणालो, "वय झालं, काकू. थोडं जपायलाच हवं."

पहिली थाप मी घाईत मारली होती. ही सावकाश, समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघून.

काकूंनी मग आपल्या मुलीला फोन केला आणि गाडी विकायचं ठरलं. महिन्याभरात गाडीला गिऱ्हाईक आलं. नव्यानं शहरात आलेल्या गावातला, जमिनी विकून बांधकामात उतरलेला उमदा माणूस होता. भावाच्या वरातीला गाडी हवी होती. "काका, लई देखणी हाय," तो म्हणाला, "पळाली नाय तरी चालंल." काकांनी त्याला कुठलं तेल, किती, केव्हा, हे सगळं सांगितलं. त्यानं तोंडभर "व्हय, व्हय" केलं. गाडी टेम्पोत चढवताना काका वर घरात होते. पुढच्या रविवारी काकूंनी इडल्या केल्या आणि मलाही बोलावलं. काकांनी दोन खाल्ल्या, "बऱ्या आहेत," म्हणाले.

त्यानंतर त्यांनी हातानं करायच्या गोष्टी एकेक करून सोडल्या. नळाचा वायसर बदलायला प्लंबर येऊ लागला. दाढीला न्हावी घरी. स्कूटरची किल्ली काकूंच्या पर्समध्ये. शिडीवर चढून बल्ब लावायचा झाला तर मला हाक मारत, "अहो, तुम्ही या. माझ्या हाताचा भरवसा नाही." सॉफ्टवेअर म्हणायचंही त्यांनी सोडून दिलं.

मी बल्ब लावत असे. खाली काका काठोकाठ भरलेली चहाची बशी एका हातात धरून पीत असत. थेंब सांडत नसे. ते मी शिडीवरून बघितलेलं आहे. एकदा नाही.

पुढे ते दोघं वारज्याला मुलीच्या इमारतीत राहायला गेले, आणि काका तिथेच गेले. काकू आहेत. माझी नोकरी, घर, गाड्या, सगळं दोन-तीनदा बदललं, पण दिवाळीच्या आसपास मी काकूंना भेटून येतो. कोणी नवीन बसलेलं असलं की त्या माझी ओळख करून देतात. आमच्या ह्यांच्या हातातली ताकद गेली होती, पण कबूल करत नव्हते. या आमच्या शेजाऱ्यांनी मला वेळेवर सावध केलं म्हणून पुढचं काही वाईट टळलं, असं सांगतात. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "तुमचे उपकार आहेत."

मी चहा घेतो, येतो म्हणतो आणि निघतो.

काकांचा हात शेवटपर्यंत पक्का होता. एवढं एक वाक्य मी काकूंना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.