वनिताच्या जागी

या वेळी जव्हार-मोखाड्याला फिरायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. फोटो कमी आहेत आणि आहेत तेही धड नाहीत. मी गेलो होतो माझ्या वर्कशॉपमधून गेलेल्या एका मुलीला परत आणायला.

नाशिकला अंबडमध्ये माझं इलेक्ट्रिक रिक्षा आणि स्कूटर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. वायरिंग बघणारे, ब्रेक लावणारे, अगदी मोटार बदलणारेही लोक मिळतात. बॅटरी उघडून तिच्यातला नेमका कुठला सेल खराब आहे हे शोधणारा माणूस मात्र मिळत नाही. जाहिरात दिली, ओळखीपाळखीत शब्द टाकला, शेजारच्या वर्कशॉपमधला माणूस फोडायचाही प्रयत्न केला. त्याला आधीच कुणीतरी फोडलं होतं. मग बॅटऱ्या कंपनीकडे पाठवायच्या आणि दीड-दोन महिने वाट बघायची. तोवर रिक्षावाला रोज सकाळी येतो, आपल्या बंद रिक्षाच्या सीटवरून हात फिरवतो आणि निघून जातो. ते बघणं मला जड जातं.

वनिता हे काम करायची. मोखाडा तालुक्यात पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यावरची, आयटीआय केलेली, बावीस वर्षांची. सगळं वर्कशॉप जिथे हात टेकायचं तिथे ती मल्टिमीटर घेऊन बसायची. जुलैमध्ये रविवारच्या सुट्टीला घरी गेली ती आलीच नाही. दहा दिवसांनी तिचे दोन फोन आले, ते मी रागाने उचलले नाहीत. हजेरीपटावर 'न सांगता गैरहजर' असं लिहून तिचं नाव काढून टाकलं. रागाने माणूस काढता येतो, रागाने दुसरा मिळत नाही, हे पुढच्या अडीच महिन्यांत समजलं.

मग सप्टेंबर संपता संपता तिचा मेसेज आला. ठाण्याला इलेक्ट्रिक बसच्या डेपोत तिची निवड झाली होती. राहायची सोय होती, पगार माझ्यापेक्षा बराच जास्त होता. फक्त आधीच्या कामाचा अनुभवाचा दाखला सोमवारी हजर होताना द्यायचा होता. तो नसेल तर जागा पुढच्या माणसाला. 'सर, दाखला द्याल का?' एवढंच शेवटी विचारलं होतं.

मी उत्तर दिलं नाही. त्याऐवजी वाढीव पगाराचं नेमणूकपत्र टाइप केलं, आकडा आणखी वाढवावा लागला तर म्हणून शिक्का आणि दोन कोरे लेटरहेड घेतले आणि शनिवारी सकाळी सात वाजता गाडी काढली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: नाशिकहून त्र्यंबक, तिथून घाट उतरून मोखाडा आणि पुढे जव्हार. ऐंशी किलोमीटरच्या आसपास अंतर, पण घाटात तीस-पस्तीसच्या वर वेग जात नाही आणि जाऊही नये. माझ्यासारखी इलेक्ट्रिक कार असेल तर घरून पूर्ण चार्ज करूनच निघा, मला तरी त्र्यंबकच्या पुढे कुठे चार्जर दिसला नाही. जव्हारला लॉजवाल्याला आधी फोन करून विचारलं होतं. त्याने गॅलरीतून वायर सोडू दिली, खोलीचे नऊशे आणि विजेचे दोनशे घेतले. या दिवसांत पाऊस सरलेला असतो, भात निसवून लोंब्या बाहेर आलेल्या असतात आणि उतारांवर खुरासणीची पिवळी फुलं पसरलेली असतात. रस्त्यात चार वेळा गाडी थांबवली. मनात राग नसता तर दहा वेळा थांबवली असती.

चार्ज झाल्याशिवाय पाड्यावर जाऊन घरी परतता येणार नव्हतं, म्हणून दुपारी गाडी चार्जिंगला लावली आणि तोवर जीपने दाभोसाला गेलो. धबधब्याला अजून भरपूर पाणी होतं. पायऱ्या निसरड्या आहेत, चपला घालून उतरू नका. जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. मी कुठून आलो, काय करतो, सगळं त्याने पहिल्या वळणापर्यंत काढून घेतलं.

"विजेची जीप निघाली तर मी घ्यायला तयार हाय," तो म्हणाला. "पण बंद पडली तर बघणार कोन? ही गाडी मी निम्मी सोताच उघडतो. त्या गाडीला हात लावायचं भ्या वाटतं."

"शिकलेली माणसंच नाहीत," मी म्हणालो.

"हायेत की. पोशेऱ्याकडं नणंद-भावजय हायेत. पाड्यावरचे सौरदिवे त्याच करत्यात."

नणंद कोण ते मला कळलं. भावजय आपली मदतीला बसत असेल, असं मी मनाशी धरलं.

रविवारी सकाळी मोखाड्याकडे परत फिरलो. पोशेऱ्याच्या बाजूला वळल्यावर रस्ता अरुंद होतो. शेवटचा दीड किलोमीटर गाडी खाली ठेवून चालत गेलो. वाटेत नागली गुडघ्याच्या वर आली होती. फोनची रेंज गेली होती, वाटेवर भेटलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी समोरच्या टेकडीकडे बोट दाखवलं आणि बोलायचं असेल तर तिथं चढावं लागतं, असं सांगितलं.

वनिता अंगणातच होती. मला बघून दचकली, पण लगेच सावरली, पाणी आणून दिलं. मी बसलो न बसलो तोच तिने विचारलं, "सर, दाखला आणलाय?"

मी नेमणूकपत्र पुढे केलं. "आधी हे वाच. परत ये. दाखल्याचं मग बघू."

हे वाक्य मी नाशिकपासून मनात घोळवत आणलं होतं. तोंडातून बाहेर पडल्यावर ते फार हलकट वाटलं. वनिताने पत्र वाचलं, नीट घडी घालून माझ्याजवळ ठेवलं. "सर, उद्या अकराला ठाण्याला हजर व्हायचंय," ती म्हणाली. "आज दुपारच्या गाडीने निघाले तरच पोहोचेन."

मी नजर दुसरीकडे वळवली. पडवीत एक बाई लाकडी पाटावर बसली होती. वय तिशीचं. हातातले चांदीचे गोठ काढून खुंटीला अडकवले होते, हातात रबरी मोजे, समोर सूप आणि सुपात रांगेने मांडलेले सेल. भंगारात काढलेला बॅटरीचा एक पॅक वनिताने मागे मला विचारून नेला होता, त्यातलेच होते. बाई एकेक सेल उचलून मीटरला लावत होती आणि त्यावर खडूने काहीतरी लिहीत होती.

"काय करताय?" मी विचारलं.

"काल भरून ठेवलेले. आज परत मोजत्ये," ती मान वर न करता म्हणाली. "भरल्या भरल्या समदेच चांगले दिसत्यात. एक रात गेली का कलतं. ह्यो बघा, उतरला. ह्याला त्यांच्यासंगं बसवला तर त्यांनाबी खाईल."

माझ्या वर्कशॉपमध्ये ही गोष्ट मी दोन मुलांना वर्षभर सांगतोय. त्यांना एक रात्र थांबायचा धीर नाही. चार्ज झालेली बॅटरी जोडतात आणि ती महिन्याभरात परत येते.

मग तिने वर बघितलं आणि मला ती ओळखू आली. जुलैत एक बाई लंगडत वर्कशॉपच्या फाटकाशी आली होती. खांद्याला पिशवी, पायाला पट्टी. "वनिताच्या जागी आल्ये," असं म्हणाली होती. मी फोनवर कंपनीच्या माणसाशी भांडत होतो. फोन कानावरून न काढता तिला म्हणालो होतो, "झाडायला आहे आमच्याकडे बाई." ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

"तुम्ही आला होतात," मी म्हणालो.

"आले व्हते."

पुढचं वनिताने सांगितलं. त्यांच्या पाड्यावर भाताच्या लावणीला मजूर लावत नाहीत. आज सगळे मिळून एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. ज्यांनी तुमच्या चिखलात हात घातले त्यांच्याकडे तुमच्या घरचा माणूस गेलाच पाहिजे. एखाद्याला जमत नसेल तर त्याने आपल्या जागी दुसरा हात पाठवायचा, म्हणजे काम अडत नाही आणि कुणी बोल लावत नाही. त्या रविवारी वहिनीच्या पायाला कोयता लागला, सहा टाके पडले, चिखलात उतरायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं.

"मग तिच्या जागी मी लावणीला थांबले, आणि माझ्या जागी तिला पाठवलं," वनिता म्हणाली. "बसून करायचं काम होतं, ते तिला येतं. सहा महिने शिकवत होते तिला. मला वाटलं, तुमचं काम नाही अडणार."

"मला आधी सांगायचंस ना."

"तीच सांगणार होती, सर. नंतर टेकडीवर जाऊन दोनदा फोन केला मी."

मी वहिनीकडे वळलो. "तुम्ही सांगायचं होतं ना, मला बॅटरीचं काम येतं म्हणून."

"तुमी इचारलंच नाय," ती म्हणाली आणि पुढचा सेल उचलला. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. टाक्यांच्या पायाने पहाटेची जीप, मग एसटी, मग स्टँडपासून अंबडपर्यंत रिक्षा विचारत आलेली बाई मी एका वाक्यात परत पाठवली होती. शरम वाटली.

लेटरहेड काढला आणि पिशवीवर धरून दाखला लिहायला घेतला. किती काळ काम केलं, काय काय केलं, सगळं लिहिलं. काम सोडण्याचं कारण लिहिताना हात थांबला. मग लिहिलं, 'घरच्या अडचणीमुळे रजेवर असताना बदली कुशल व्यक्ती पाठवली होती. वर्कशॉपने ती स्वीकारली नाही. चूक वर्कशॉपची.' असं कुणी दाखल्यावर लिहीत नाही, हे मला माहीत आहे. खाली सही केली, शिक्का मारला. वनिताने दोनदा वाचलं आणि दाखला वहीत ठेवला. डोळे भरले होते, पण ती लगेच आत बॅग भरायला गेली.

वहिनीने तांदळाची भाकरी, उडदाचं वरण आणि सुकट वाढली. पैसे द्यायला गेलो तर तिच्या चेहऱ्यावरूनच समजलं की देऊ नयेत. निघताना धीर केला. "तुम्ही येता का नाशिकला? वनिताला द्यायचो तेवढाच पगार. राहायची सोय बघू."

तिने गोठ हातात चढवले. "एकदा आले व्हते मी," ती म्हणाली.

वनिताला मोखाड्याच्या स्टँडवर सोडलं. गाडी वेळेवर आली. परतीच्या घाटात मी एकदाही थांबलो नाही.

संध्याकाळी घरी पोहोचलो. एवढ्या प्रवासानंतर लोक विचारतात, काय बघण्यासारखं आहे तिकडे. दाभोसा बघा, खुरासणी फुललेली असताना जा, जव्हारला सूर्यास्तही चांगला दिसतो. मला स्वतःला त्या पडवीतलं सूप सोडून दुसरं काही नीट आठवत नाही. माणसं नाहीत, माणसं नाहीत, असं मी वर्कशॉपवाल्यांच्या प्रत्येक मीटिंगमध्ये सांगत आलोय. आताही सांगेन, कारण माझ्या दारात रिक्षा तशाच उभ्या आहेत. फक्त सांगताना आवाज पूर्वीइतका चढणार नाही.

बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या वहिनीचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. नोकरी देऊ केली, तिच्या हातची भाकरी खाल्ली, आणि नाव विचारायचं राहिलं होतं.

बुधवारी ठाण्याहून वनिताचा फोन आला. दाखला चालला होता, ती कामावर हजर झाली होती. मी अभिनंदन केलं आणि मग वहिनीचं नाव विचारलं.

"ते तिलाच विचारा, सर," ती म्हणाली. "रस्ता तुम्हाला माहीत झालाय."