सव्वा महिन्याचं दुखणं

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं तिला तर मुळीच नाही. तुम्ही आमच्या वस्तीवरचे नाही, म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडतेय — तरी बघा, सुरुवात कुठून करू हेच कळेना.

आधी माझा आळस सांगते. अंथुर्ण्याजवळ आमची वस्ती. डाळिंबाची बाग, सहा जर्शी गाई आणि घरात बायका तीन — सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, मी थोरली सून, आणि सविता, माझी धाकटी जाऊ. आत्याबाई फक्त कामं सांगायच्या. करायला उरल्या किती?

मला दोन मुलं झाली, आता पुरे, म्हणून ऑपरेशन ठरलं. बारामतीत एका दवाखान्यात दुर्बिणीचं करून देत होते. डॉक्टरीणबाईंनी आधी मालकांकडे बघून सांगितलं, पुरुषांचं याहून सोपं असतं. तेव्हा मालकांना एकदम विहिरीवरची मोटर बंद करायची राहिल्याचं आठवलं, आणि ते फोन लावत बाहेर गेले. मग माझंच झालं. बेंबीपाशी बोटाच्या पेराएवढं छिद्र पाडायचं, पोटात हवा भरायची, दुर्बिणीतून बघत दोन्ही नळ्यांवर रिंगा बसवायच्या, वर एक टाका. सकाळी गेले, संध्याकाळी घरी. दोन दिवस आराम आणि आठवडाभर जड उचलायचं नाही, एवढंच डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं. मालक गाडीत बसून होते.

आता गंमत ऐका. दुखलं ते खरंच दुखलं — पण खांदा. पोटातल्या हवेनं एक-दोन दिवस खांदा ठणकतो, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण ऑपरेशन पोटाचं आणि ठणकतोय खांदा, हे कुणाला सांगायचं? लोक हसले असते. म्हणून मी ते दुखणं खाली पोटात आणलं. पहिलं खोटं एवढंच. दुखणं खरं, फक्त जागा बदलली.

पुढचं काम आत्याबाईंनी केलं. त्यांचं स्वतःचं ऑपरेशन जुन्या काळातलं, मोठ्या टाक्यांचं. "आपरेशन म्हंजी दुसरं बाळंतपण. सव्वा म्हयना हातरुणातनं उठायचं न्हाय," असं म्हणून त्यांनी माझ्या पोटाला जुनं लुगडं आवळलं, कानाला स्कार्फ बांधला आणि बाजेखाली शेगडी ठेवली. फाल्गुन संपत आलेला. मी घामानं निथळत होते. पण खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी धारेला बसावं लागलं असतं — तुम्ही सांगितलं असतं? तो कागद मी चौघडी करून उशीच्या अभ्र्यात सरकवला, कारण घरात वाचणारी एक होती. सविता.

तिसऱ्या दिवशी मी ठणठणीत. घरात कुणी नसलं की उठायचं, डिंकाचे लाडू खायचे, खिडकीतून बाग बघायची, आणि फटफटीचा आवाज आला की परत बाजेवर. कण्हण्यालाही अक्कल लागते. जास्त कण्हलं तर दवाखान्यात नेतील, कमी कण्हलं तर गोठ्यात. मी मधलं धरलं होतं. बघायला आलेल्या बायकांना आठ टाक्यांची कथा सांगायचे, आणि कुणी दाखव म्हणालीच तर वारं लागेल म्हणून पदर ओढून घ्यायचे.

सव्वा महिना सविता एकटी राबली. धारा, शेण, वैरण, आठ माणसांच्या भाकरी, आणि वर माझे पाय चेपणं. एकदा पाय चेपता चेपताच तिनं विचारलं, "लई दुखतं का वो अक्का?"

ती का विचारतेय, हे मला ठाऊक होतं. तिलाही दोन मुलं होती आणि पुढच्या महिन्यात तिचंही हेच ऑपरेशन ठरलं होतं. शिवाय बारावी शिकलेली, बचतगटाचं सगळं लिहिणं तिच्याकडे; येत्या ग्रामपंचायतीला सवितालाच उभी करायची, असं वस्तीत सगळे म्हणत होते. तिलाही ते फार हवं होतं. आणि तिसरं मूल झालं की निवडणुकीला उभं राहता येत नाही, हा कायदा आमच्याकडे कुणालाही विचारा, तोंडपाठ आहे.

मी काय उत्तर दिलं असेल? डोळे मिटून म्हटलं, "इचारू नगंस बाई. वैऱ्यावर बी अशी येळ येऊ ने."

सविता दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेली आणि रडत परत आली. दीर समजावून थकले. पुढच्या वर्षी तिला तिसरं मूल झालं, मुलगी. पोरगी गोड आहे, दिवसभर माझ्याच मागं मागं असते. ती झाली नसती तर बरं, असं मला म्हणताही येत नाही, आणि मला वाटतही नाही.

निवडणूक लागली. सरपंचाची जागा बाईसाठी राखीव, आणि सविता बाद. घरातली एक बाई तर उभी करायचीच होती — दोन मुलांची उरली कोण? मी निवडून आले, सरपंच झाले. आलेले कागद सविता मला वाचून समजावते. माझी भाषणंही तीच लिहिते.

गेल्या वर्षी निमगाव केतकीत आरोग्य शिबिर होतं. नर्सबाईंनी मला दोन शब्द बोलायला लावले. टाळ्या पडायला लागल्या तशी मला चढली, आणि हातातला कागद सोडून मी मनाचं बोलले, "बायांनो, दुर्बिणीच्या आपरेशनला भिऊ नका. तिसऱ्या दिशी मी लाडू खात हिंडत व्हते." बायका खो खो हसल्या. सविता पहिल्याच रांगेत होती, लेकीला मांडीवर घेऊन. ती हसली नाही.

परत येताना गाडीवर माझ्या मागं बसून ती म्हणाली, "अक्का, तुमाला तर सव्वा म्हयना लागला व्हता."

मी म्हटलं, "भाषणात तसं बोलावं लागतंय."

"व्हय," म्हणाली.

मला काम नको होतं, म्हणून मी कण्हत पडले, आणि ते ऐकून सविता घाबरली. याला दुसरं काही कारण नाही. ती खुर्ची तिची होती.

आता पुन्हा निवडणूक आलीय. पुन्हा तुमीच उभं ऱ्हावा म्हणतात, आणि मी हो म्हटलंय. काल सवितानं माझा अर्ज भरला. अपत्यांच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. मग तिनं 'दोन' लिहिलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला. मी सही केली.