जनू तांडेलांचा पिवळा

कुणाच्याही घरी गेले की जनू तांडेल आधी टीव्हीच्या मागे डोकावत, मग माणसांची चौकशी करत. सातपाटीतले हे माझे शेजारी जन्मभर बोटीवर होते. बोट विकल्यावर त्यांनी गावातल्या टीव्हींच्या वायरी जोडायला घेतल्या. कुणी बोलावलं नव्हतं. आता ते नाहीत, पण माझ्या टीव्हीमागच्या वायरींना त्यांनी खुणेसाठी बांधलेल्या रंगीत चिंध्या अजून आहेत.

त्यांचं शास्त्र एका ओळीचं. "रंगाला रंग. पिवला पिवल्यात, तांबडा तांबड्यात." समुद्रात जाळ्याच्या बोयांना, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना, ज्याच्या त्याच्या घराचा रंग असतो, आणि दुसऱ्याच्या रंगाला हात लावायचा नसतो. तोच कायदा इथे. एचडीएमआयचं नाव काढलं की म्हणत, "चित्र नि आवाज एकाच काल्या वायरीत. कोनाचं काय, कलतच नाय."

मग मुलाने बोईसरहून नवा टीव्ही आणला. त्याला पिवळं भोकच नव्हतं.

तांडेलांचा जीव एका कॅसेटमध्ये अडकलेला. लेकीच्या हळदीला त्यांची बायको यमुनाबाई गायली होती. बाई गेल्या, मागे एवढंच उरलं. जुन्या व्हीसीआरच्या तीन वायरी: तांबडी-पांढरी आवाजाची, पिवळी चित्राची. तांबडी-पांढरी बसली. काळ्या पडद्यातून यमुनाबाई गाऊ लागल्या. तांडेल पिवळी हातात धरून ऐकत बसले.

"ती हिरव्या भोकात घाला," मी म्हणालो. "नव्या टीव्हीत पिवळ्याची सोय तिथेच असते."

"मास्तर, तुमी शिकलेले," ते शांतपणे म्हणाले. "पन परक्याचा रंग तो परक्याचा."

पुढे कित्येक दिवस त्यांनी बायकोला नुसतं ऐकलं. खरं सांगतो, मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. भिंतीपलीकडून ते गाणं मलाही पाठ झालं.

शेवटी रीतीतूनच वाट निघाली. परक्या बोयेला हात लावायचाच तर मालकाला विचारतात. माझ्यासमोर त्यांनी मुलाला कंपनीत फोन लावला. "तुज्या टीव्हीचा हिरवा मोकला हाय का? मी घेऊ?"

"घ्या ना बाबा," मशीनच्या घरघरीतून मुलगा म्हणाला. काय ते त्याने विचारलं नाही.

पिवळी हिरव्यात गेली. यमुनाबाई दिसल्या, पण काळ्या-पांढऱ्या. मी रिमोटने सेटिंग बदललं आणि रंग भरले. मांडवात त्या हिरव्यागार लुगड्यात उभ्या होत्या.



"उगाच पोराला इचारलं," तांडेल म्हणाले. "हिरवा हिचाच व्हता."