गंगूच्या दिवसाची थाळी

मंगळ्याचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. नेऱ्याकडच्या वाडीतून वीटभट्टी गाठायची, आणि ऊन चढायच्या आत निम्मं काम उरकायचं. भट्टीवर नवरा-बायकोची जोडी लागते. गंगू तापाने गेली आणि जोडी मोडली. मुकादम दुसरी जोडी बघायला निघाला, तेव्हा मंगळ्या म्हणाला, "तिचा वाटा मीच उचलतो." माती तुडवणं, विटा थापणं, भाजलेली वीट गरम असतानाच उतरवणं, सगळं त्याने एकट्याने ओढलं.

वाडीत कोणी गेलं, की त्याच्या दिवसकार्याला थाळी मंगळ्याच लावायचा. काशाची थाळी, मधोमध मधमाश्यांच्या मेणाचा गोळा, त्यात उभी रोवलेली बारीक काडी. चिमटीत धरून काडीवरून बोटं खाली ओढायची. वाद्य एवढंच. पण त्यातून असा लांब, घशात अडकलेला सूर निघायचा, की घट्ट मनाचा माणूसही मान खाली घालायचा. त्या सुरावर मेलेल्याची वाट गायची. थाळी बोलली नाही, तर जीव दारातच अडकतो, असं वाडी मानते.

गंगूच्या दिवसाला, उन्हं कलल्यावर, तो थाळी घेऊन बसला. बोटं ओढली. सूर नाही. मेण बदललं, काडी बदलली. बोटं नुसती घसरत होती. दोघांच्या वाट्याच्या विटांनी पेरांवरची कातडी घासून गुळगुळीत केली होती. काडीला धरच लागेना.

"दाजी, थाळी हाय ती, वीट नाय," मेहुणा रमेश म्हणाला. एकदोघं हसली. मंगळ्याने पुन्हा बोटं ओढली, तेव्हा हसणं थांबलं.

मुलगी माधुरी पुढे सरकली. "बा, मी ओढते. तू गा."

"पोरींनी लावायची नाय."

"मग आयेला कोन पोचवनार?"

त्याने थाळी तिच्यापुढे सरकवली आणि गायला लागला. सूर निघाला. पण गाण्याबरोबर काडी थांबते, दम घेते, मेलेल्याच्या नावापाशी थरथरते. ते माधुरीला कोणी शिकवलं नव्हतं. गंगूच्या नावापाशी सूर तुटला. पुन्हा धरला, पुन्हा तिथेच तुटला.

"ठेव," मंगळ्या म्हणाला. "हितंच हाय ती अजून."

पंगत बसली. गंगूचा वाटा उचलून मिळवलेल्या मजुरीतून आणलेला भात, डाळ आणि सुकट वाडीने पोटभर खाल्ली.