कोळशाच्या इस्त्रीवरचा बोर्ड

परवा लातूरच्या माझ्या खोलीत साडीला इस्त्री करताना खाली अंथरलेला मासिकाचा गुळगुळीत कागद तापला, आणि त्या वासानं मी थेट भोकरला, माझ्या वडिलांच्या, आबांच्या लाँड्रीत जाऊन पोचले.

तेव्हा मी नांदेडला पॉलिटेक्निकला होते. प्रोजेक्टचा सर्किट बोर्ड घरीच करायचा होता. असल्याच कागदावर लेझर प्रिंटरनं आराखडा छापून आणला होता. तो तांब्याच्या पत्र्यावर उपडा ठेवून तापवला, की शाई पत्र्याला चिकटते. पण नेमकी लाइट गेली.

"दे इकडं," आबा म्हणाले. त्यांनी कोळशाच्या इस्त्रीवर पाण्याचे दोन थेंब उडवले, चर्र आवाज ऐकला, जरा थांबले आणि इस्त्री कागदावर दाबून धरली.

नुसती दाबूनच धरायची होती. पण उचलताना, शर्टाच्या कडेवरून निघावा तसा, सवयीनं त्यांचा हात झर्रकन उजवीकडे गेला. कागद भिजवून सोलला, तर रेषा काळ्याभोर, भरीव उमटलेल्या, पण एका कडेच्या सगळ्या फरफटलेल्या.

"आबा, तुमाला यातलं काय कळतच न्हाई!" मी ओरडले.

"हाव माय," इस्त्री बाजूला ठेवत ते म्हणाले, "मला कापडाचंच कळतंय."

पुढं विजेच्या इस्त्रीवर मी कितीतरी बोर्ड केले. आबांच्या इस्त्रीखाली उमटल्या होत्या इतक्या भरीव रेषा पुन्हा कधीच उमटल्या नाहीत. आबा गेले, त्यांना हे सांगायचं राहूनच गेलं.

परवा साडीची शेवटची घडी दाबली, आणि माझाही हात झर्रकन उजवीकडे गेला. इस्त्री हातात तशीच धरून मी वळून पाहिलं. खोलीत दाखवायला कुणीच नव्हतं.